गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जातोय, कॅमेरा साधाच आहे. फोटोंसाठी सल्ला हवा

रानजाई
१० जानेवारी, रात्री ९:२०

मंडळी, नमस्कार. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं गुलमर्गला चाललोय: मी, नवरा, नणंद आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा. मुक्काम सात दिवस, त्यातले पाच दिवस स्नोबोर्डिंगची शिकवणी. आम्ही पुण्याचे, बर्फ आजवर उसाच्या रसातच पाहिलाय, त्यामुळे पडण्याची मानसिक तयारी आहे. प्रश्न फोटोंचा आहे.

घरात जे आहे ते असं. कॅनन १३००डी हा डीएसएलआर कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, एकच बॅटरी. माझा तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन. भाच्याने मित्राकडून उसना आणलेला अ‍ॅक्शन कॅमेरा. किडुकमिडुक घ्यायला तीनेक हजार बाजूला काढलेत, त्यापलीकडे नाही. तेव्हा "मिररलेस घ्या" असं कृपया कुणी लिहू नका, नवरा हा धागा वाचतो आणि लगेच मोहात पडतो.

विचारायचं हे की डीएसएलआर न्यावा का, की ओझं होईल? थंडीत बिघडतो का? मैत्रीण गेल्या वर्षी मनालीहून फोटो घेऊन आली, त्यात बर्फ राखेसारखा करडा आणि माणसं कोळशासारखी. ते कसं टाळायचं? आणि सरसरत येणाऱ्या माणसाचा फोटो ३ फ्रेम प्रति सेकंदवाल्या कॅमेऱ्यावर निघतो तरी का?

चकली
१० जानेवारी, रात्री ९:३१

मिररलेस घ्या.

(पळते.)

घाटवाट
१० जानेवारी, रात्री १०:०५

करड्या बर्फाचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं जमलं आणि हे चुकलं तर सातही दिवसांचे फोटो मैत्रिणीसारखेच येतील.

कॅमेऱ्याला समोर बर्फ आहे हे कळत नाही. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार असं धरून तो उजेड मोजतो. आपल्या सह्याद्रीत हे चालून जातं, कारण दगड, गवत, झाडी सगळं त्याच आसपासचं. बर्फात चौकटीतला तीनचतुर्थांश भाग पांढरा. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो सगळंच दाबतो. बर्फ करडा होतो, आणि त्यापुढे उभा असलेला तुमचा नवरा आपोआप काळा.

म्हणून त्याला सांगायचं की बाबा रे, आणखी उजेड घे. १३००डीवर हिरवा ऑटो मोड सोडून द्या, तिथे हे करताच येत नाही. डायल एव्हीवर (Av) किंवा टीव्हीवर (Tv) न्या, मागचं एव्ही अधिक-उणे लिहिलेलं बटण दाबून धरा आणि वरचं चाक फिरवा. +१ पासून सुरुवात करा. लख्ख ऊन आणि चौकटभर बर्फ असेल तर +१⅓, कधी +१⅔ पर्यंत जा. चौकटीत झाडं, हॉटेल, माणसांची गर्दी आली की परत कमी करा.

पडद्यावर डोळ्याने ठरवू नका, उन्हात पडदा खोटं बोलतो. फोटो बघताना डिस्प्लेचं बटण दाबत राहिलात की हिस्टोग्राम येतो, म्हणजे डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं किती याचा आलेख. ढीग उजव्या भिंतीजवळ हवा, पण भिंतीला टेकलेला नको. त्याच पानावर जे भाग पार जळालेत ते लुकलुकतात. सूर्याची चमक लुकलुकली तर लुकलुकू दे, पण अख्खा उतार लुकलुकायला लागला तर एक पायरी मागे या.

फोनवर हेच काम: माणसावर बोट दाबून धरा, कुलूप पडलं की सूर्याचं चिन्ह वर सरकवा.

रॉमध्ये (म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर निळसर सावल्या नंतर घरी सुधारता येतात. पण तुमच्या कॅमेऱ्यात रॉ ठेवून सलग फोटो काढले की सहाएक फोटोंनंतर तो धापा टाकतो. पळापळीचे फोटो जेपेगमध्ये, डोंगरांचे रॉमध्ये, असं वाटून घ्या.

अप्पा_सातारकर
११ जानेवारी, सकाळी ६:५०

घाटवाट यांचं बरोबर आहे, पण हातमोजे घालून बटण दाबून धरायचं, चाक फिरवायचं आणि दर चौकटीगणिक अधिक-उणे करायचं, हे बसल्या जागी लिहायला सोपं आहे. मी रोलच्या जमान्यातला माणूस. तेव्हा रोलसोबत उजेडाचा तक्ता छापून यायचा, त्यात वाळू आणि बर्फ यांचा रकाना वेगळा असे. त्याच जोरावर आम्ही १९८०च्या दशकात रोहतांगला मीटर बंद पडलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढले आणि ते अजून भिंतीवर आहेत.

लख्ख उन्हातल्या बर्फाला आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/२२, वेळ १/१०० सेकंद. पण एवढं छिद्र लहान करायची गरज नाही, तोच हिशेब सरकवा: एफ/११ ला १/४००, एफ/८ ला १/८००. मॅन्युअल मोड, एफ/८, १/८००, आयएसओ १००. एकदा लावा आणि विसरा. चौकटीत काळं जॅकेट आलं काय नि पांढरा डोंगर आला काय, उन्हाचा उजेड तोच, त्यामुळे फोटो सारखेच येतील. आणि १/८०० ला शिकाऊ माणूस अगदी स्वच्छ थांबतो.

दुसरं. लेन्सवर बर्फ पडला तर तोंडाने फुंकर मारायची नाही. वाफ गोठते आणि काच दिवसभरासाठी गेली. मऊ ब्रश किंवा रबरी फुग्याचा ब्लोअर ठेवा. लेन्सचं हूड नसेल तर घ्या. ते उन्हासाठी म्हणून विकतात, बर्फात त्याचा खरा उपयोग छत्रीसारखा.

घाटवाट
११ जानेवारी, सकाळी ८:१५

अप्पा, ऊन स्थिर असेल तर तुमचं अगदी मान्य. ढग आला की मात्र सगळं कोलमडतं, आणि गुलमर्गात ढग विचारून येत नाहीत.

अप्पा_सातारकर
११ जानेवारी, सकाळी ८:४०

ढग आला की चहा प्यावा. सपाट उजेडात बर्फाचे फोटो तसेही मेलेलेच येतात, उंचसखल काही दिसत नाही.

(पण हो, आयएसओ ४०० करून बघा.)

हिमगौरी
११ जानेवारी, दुपारी १:३०

मी जपानमध्ये राहते, तोक्योहून शिंकानसेन (बुलेट ट्रेन) पकडून दीडेक तासात गाला युझावाला उतरता येतं, स्टेशनच स्की रिसॉर्टच्या आत आहे. त्यामुळे हिवाळ्यात जवळजवळ दर पंधरा दिवसांनी बोर्डवर असते. कॅमेऱ्यातलं मला घाटवाट यांच्याएवढं कळत नाही. उभं कुठे राहायचं ते मात्र सांगू शकते.

स्कीवाला समोर तोंड करून येतो, बोर्डवाला आडवा येतो. ज्याचा डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी. रेग्युलरवाल्याची छाती आणि चेहरा त्याच्या उजवीकडे असतो. म्हणजे तुम्ही खाली उभं राहून वर बघत असाल तर तुमच्या डाव्या कडेला थांबा. गूफी असेल तर उलट. चुकीच्या कडेला उभं राहिलात तर पाचही दिवस फक्त पाठ आणि हेल्मेट मिळेल. शिकवणीच्या पहिल्या तासाला शिक्षक प्रत्येकाचा पाय ठरवतात, तेव्हाच लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पथ्यावर पडणारी. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर उभं राहून घसरायला शिकवतात. बोर्ड उताराला आडवा, तोंड दरीकडे, पान गळताना जसं डावीकडे-उजवीकडे झुलत येतं तसं खाली यायचं. वेग फारसा नसतो, चेहरा थेट तुमच्याकडे आणि त्यावरची भीती अस्सल. ३ फ्रेमचा कॅमेरा याला पुरून उरतो. पंजाच्या कडेवर शिकायला लागले की तोंड डोंगराकडे जातं, मग खालून काढण्यात अर्थ नाही, तेव्हा बाजूला किंवा वर जा.

सलग फोटो काढत सुटण्यापेक्षा जागा ठरवा. बर्फात एक काठी रोवा, आधी त्या काठीवर फोकस करून घ्या, आणि येणाऱ्याला सांगा की काठीजवळ वळ. काठीपाशी आला की बटण दाबायचं. मागून ऊन असेल आणि तो कडा जोरात दाबून थांबला तर उडणारा भुगा पिठीसाखरेसारखा चमकतो. असा एक फोटो मिळाला तरी ट्रिप वसूल.

डोंगर फोटोत नेहमी सपाट दिसतो ही सगळ्यांची तक्रार. उतार दिसायला काहीतरी सरळ उभं हवं. एखादं झाड, खांब, दुसरा माणूस चौकटीत घ्या, कॅमेरा सरळ धरा आणि बाजूने काढा. गुडघ्यावर बसलात तर आणखी बरं.

डीएसएलआर गळ्यात लटकवून बोर्डवर उभं राहायचं नाही. पुढे पडलात तर छातीत, मागे पडलात तर दातांवर. पाठीच्या पिशवीत स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवा, नाहीतर पायथ्याशी बसणाऱ्या माणसाकडे द्या.

आणि हे फोटोंचं नाही, तरी लिहिते: तीन हजारांतून आधी मनगटाचे गार्ड घ्या. नवखा बोर्डवाला पडताना हात टेकतो, मनगटाची दुखापत त्यातली सगळ्यात नेहमीची.

चकली
११ जानेवारी, दुपारी २:१०

मला यातलं काही करायचं नाहीये, तरीही वाचनखूण साठवली.

बंड्या_बोर्डवाला
११ जानेवारी, संध्याकाळी ७:००

अ‍ॅक्शन कॅमेराबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. हेल्मेटवर लावू नका. सगळे लावतात आणि सगळ्यांच्या व्हिडिओत दिसतं काय, तर रिकामा बर्फ, मध्येच बोर्डचं टोक, आणि पडल्यावर आकाश. त्याची लेन्स इतकी रुंद असते की समोरचा महाकाय डोंगर टेकाडाएवढा होतो. त्याऐवजी सेल्फी काठीवर लावून मागे धरा, म्हणजे माणूस, बोर्ड आणि उतार तिन्ही येतात. पण हे चौथ्या-पाचव्या दिवशी, आधी दोन्ही हात तोल सांभाळायला लागतील.

फोर-केमध्ये व्हिडिओ घेतलात तर हवी ती चौकट वेगळी काढता येते, आठ मेगापिक्सेलचा फोटो मिळतो. पोस्टकार्ड आकाराला मस्त. क्लिप वीस-तीस सेकंदांच्याच घ्या. तीन तासांचं चित्रीकरण घरी येऊन कुणीही बघत नाही, ते काढणारासुद्धा.

शिकारा
११ जानेवारी, रात्री १०:४५

गुलमर्गला चारदा जाऊन आलोय, त्यामुळे तिथलं सांगतो.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. गोंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे साधारण ३,९५० मीटर. तुमची शिकवणी खाली, गावाजवळच्या सौम्य उतारांवर होईल. बोर्ड घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जाण्याचा मोह कुणी घातला तरी जाऊ नका. वरून खाली यायला आखलेला सोपा रस्ता नाही, तो सगळा मोकळा डोंगर आहे आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. २०२३च्या फेब्रुवारीत अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू त्यात गेले. फोटोसाठी दोरीपलीकडे पाच पावलं टाकणारे महाभाग मी दर वेळी पाहिलेत.

बोर्ड खाली ठेवून, नुसतं पर्यटक म्हणून मात्र एकदा वर जाच. हवा स्वच्छ असेल तर नंगा पर्वत दिसतो. सकाळीच जा. गोंडोलाच्या बाजूचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे, दुपार कलली की सूर्य कड्यामागे जातो आणि सगळ्यावर निळी छाया पसरते. त्या उंचीवर आकाश मुळातच गडद निळं असतं. लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून आणखी गडद केलंत तर १८ मिमीला अर्धं आकाश काळं, अर्धं निळं असं डागाळतं. ते तीन हजार पोलरायझरवर घालवू नका.

बॅटरी. थंडीत ती मरत नाही, झोपते. कॅमेरा १५ टक्के दाखवून बंद पडतो, तीच बॅटरी अंगाच्या उबेला ठेवली की पुन्हा बरंच काम देते. म्हणून दोन तरी हव्यात, एक कॅमेऱ्यात, एक आतल्या खिशात, आणि दोघींची अदलाबदल. फोनही आतल्याच खिशात, स्क्रीन अंगाकडे. शिवाय वीज जाते, चार्जिंग रात्रीवर ढकलू नका. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक विमानात हातातल्या सामानातच न्यायच्या, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. फोटो रोज क्लाउडवर चढवायचा विचार असेल तर हे आत्ताच बघा. ड्रोन आणू नका, नियंत्रण रेषा जवळ आहे. लष्कराच्या चौक्या, वाहनं, श्रीनगर विमानतळ यांचे फोटो काढायचे नाहीत. स्लेज ओढणाऱ्या माणसांचे काढायचे असतील तर आधी विचारा, बहुतेक जण हसून उभे राहतात, काही नको म्हणतात.

रानजाई
१२ जानेवारी, सकाळी ११:०५

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. घाटवाट, तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय. अप्पा, एफ/८, १/८०० हे फ्रीजवर चिकटवलंय, सासूबाई विचारत होत्या हा कसला हिशेब.

जास्तीची बॅटरी, रबरी ब्लोअर, हूड आणि आत घालायचे पातळ हातमोजे, एवढी यादी झाली. हिमगौरी, मनगटाचे गार्ड तिथे भाड्याने मिळतील ना? नणंद म्हणते मिळतील.

आणि एक राहिलं. खोलीत आल्यावर कॅमेऱ्याला घाम फुटतो म्हणतात तो प्रकार काय आहे?

घाटवाट
१२ जानेवारी, दुपारी १२:२०

फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं, तेच. बाहेर उणे आठ, खोलीत बुखारी (तिथली शेगडी) पेटलेली, माणसांच्या श्वासाची वाफ. गार कॅमेरा आत आणला की आतबाहेर दव. उपाय फुकट आहे: बाहेरच, दाराच्या आधी, कॅमेरा झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, बंद करा. आत आल्यावर दोनेक तास उघडायचा नाही. दव धरलंच तर पिशवीवर धरेल. आणि मेमरी कार्ड बाहेरच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत कुणीतरी पिशवी उघडणारच.

उलट, बाहेर जाताना असला काही त्रास नाही. फक्त कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवून सारखा आत-बाहेर करू नका. कॅमेरा गार राहू दे, बॅटरी गरम राहू दे.

हिमगौरी
१२ जानेवारी, दुपारी ३:००

गार्ड भाड्याने मिळतीलच असं नाही. घेऊन जा.

अप्पा_सातारकर
१२ जानेवारी, संध्याकाळी ५:१५

एक शेवटचं. रंगीत गॉगल लावून फोटोचे रंग ठरवू नका, गॉगल वर करून क्षणभर बघा आणि परत लावा. आणि चौघांनी पांढरी, करडी जॅकेटं भाड्याने घेऊ नयेत. लाल, पिवळं, भगवं काहीही चालेल. बर्फात माणूस शोधायला दुर्बीण लागू नये.

रानजाई
१६ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आलो परत! धागा वर काढतेय, कारण हिशेब देणं लागते.

आधी कबुली. गार्ड घेतले नाहीत. तिथे आमच्या मापाचे मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी सरळ मागे पडले आणि उजवा हात टेकला. हाड मोडलं नाही, मुरगळलं, पण पट्टी बांधून पुढचे चार दिवस बोर्ड बंद. हिमगौरी, तुम्ही काही म्हणायच्या आधीच म्हणते: हो.

मग मी पूर्णवेळ फोटोग्राफर झाले. आणि तेव्हा लक्षात आलं की डीएसएलआर ही उजव्या हाताची वस्तू आहे! पकड उजवीकडे, बटण उजवीकडे, चाक उजवीकडे. डाव्या हाताने काही म्हणता काही होत नाही. मग तो भाच्याकडे गेला आणि मी फोन घेतला. डाव्या हातात फोन, आणि वायरवाल्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण पट्टीतून बाहेर डोकावणाऱ्या बोटांत. कॅमेरा अ‍ॅप चालू असताना त्या बटणाने फोटो निघतो, हे मला तिथल्या चहावाल्या मुलाने दाखवलं. पडदा हातमोज्याला दाद देत नव्हता, हे बटण देत होतं.

पहिल्या दिवसाचे सगळे फोटो राखाडी आहेत. एवढं वाचून, छापून नेऊनही मी हिरवा मोड बदलायला विसरले होते. दुसऱ्या दिवसापासून भाच्याने अप्पांचा आकडा लावला आणि लख्ख उन्हात एकही फोटो वाया गेला नाही. तिसऱ्या दिवशी ढग आले तेव्हा मात्र त्याने तोच आकडा तसाच ठेवला, आणि घाटवाट जिंकले.

जागेचं म्हणाल तर आमच्या उताराला मध्येच एक छोटासा उंचवटा होता. शिक्षक रोज सांगायचे इथे गुडघे वाकवा, आणि रोज सगळे तिथेच पडायचे. आम्ही त्याला कात्रज म्हणायला लागलो. मी कात्रजच्या थोडी खाली, कडेला, डाव्या हाताला खुर्ची टाकून बसायचे. एका गाइडने उदार मनाने कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) आणून दिली, ती मांडीवर. तीन दिवस तीच जागा, तोच उजेड. खुर्चीतल्या दुसऱ्या दिवसाअखेरीस कोण कुठे झुकणार हे मला ते पडायच्या आधी कळायला लागलं होतं. काठी रोवायची गरजच पडली नाही, कात्रज होतंच.

नणंद गूफी निघाली. तिच्यासाठी खुर्ची पलीकडे न्यावी लागायची, त्यामुळे तिचे फोटो कमी आहेत आणि हा विषय घरात अजून चालू आहे.

झिपची पिशवी नेली, दाराबाहेर कॅमेरा तिच्यात घातला, सगळं शिस्तीत. दहा मिनिटांनी नवऱ्याने फोटो बघायला ती उघडली. व्ह्यूफाइंडर पांढरा, लेन्स पांढरी, सकाळपर्यंत काही दिसेना. कार्ड बाहेर काढायचं विसरलो होतो. तिसऱ्या दिवसापासून दारातच कार्ड काढून नवऱ्याच्या हातावर ठेवायचे, प्रसादासारखं.

फोनची बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडायची. स्वेटरच्या आत दहा मिनिटं ठेवला की पुन्हा उठायचा. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यातून निघालं ते बंड्या म्हणाला तेच: अडीच तास बर्फ, मध्येमध्ये आकाश आणि भाच्याच्या तोंडून शिकण्याजोगे नसलेले शब्द.

अफरवटला सहाव्या दिवशी सकाळी गेलो. ढग होते, नंगा पर्वत काही दिसला नाही. माझं डोकं दुखायला लागलं आणि अर्ध्या तासात खाली आलो. फोटो ठीकठाक.

शिकारा
१७ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

नंगा पर्वत मला चार खेपांत एकदाच दिसलाय. मनगट कसं आहे आता?

रानजाई
१७ फेब्रुवारी, सकाळी ९:४५

बरं आहे. पोळ्या लाटायला अजून जमत नाहीत, हे मी घरात जरा ताणूनच सांगतेय.

हिमगौरी
१७ फेब्रुवारी, दुपारी १२:००

मी काहीच म्हणत नाहीये.

पण फोनवर सगळ्यात चांगला निघालेला कुठला? आणि त्या वेळी ऊन कुठे होतं?

रानजाई
१७ फेब्रुवारी, दुपारी १:२०

चौथ्या दिवशीचा, साडेतीनच्या सुमारास. सूर्य त्यांच्या मागे, खाली आलेला. आधी कात्रजच्या टोकावर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद केला. सूर्य समोर म्हणून चिन्ह अगदी थोडंसं वर. मग बटण दाबून ठेवून सलग फोटो. भाचा कात्रजवर आला, यावेळी पडला नाही, कडा दाबून थांबला, आणि त्याच्या कमरेपर्यंत भुगा उडाला. तेवीस फोटोंतला एकोणिसावा. लाल जॅकेट, मागे फरची काळपट झाडं, आणि त्या दोघांमध्ये सगळं चमचमतंय. ए-थ्री छापायला टाकलाय. फोनचाच आहे, जवळ जाऊन पाहिलं तर कडा थोड्या भुरभुरीत दिसतात. भिंतीवर सोफ्यामागे लागणार आहे, एवढ्या जवळ कोण जातंय.

चकली
१७ फेब्रुवारी, दुपारी १:२६

आणि बाकीचे बावीस? विशेषतः पडतानाचे?

रानजाई
१७ फेब्रुवारी, दुपारी १:४०

ते नवऱ्याकडे आहेत, आणि कंपूत टाकायचे नाहीत असं भाच्याने बजावलंय. त्या बदल्यात माझ्या पडण्याची जी क्लिप त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात आली आहे, ती तोही टाकणार नाही. अडीच तासांत माणूस स्पष्ट दिसतो अशी ती एकमेव क्लिप आहे.